करंटवर पाणी

गिरणीची पिकप गरम असताना बंद केली की पुन्हा चालू होत नसे. तक्रार एवढीच होती. आज कुठल्याही चौकातला मिस्त्री ती ऐकून दोन कारणं सांगेल आणि दोन्ही तपासून पाहील. मी एकच सांगितलं, तेही मोठ्या तोऱ्यात, आणि दुसरं तपासलंच नाही. त्यात चाचांची लेक गेली. हे मी आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही. आता ऐकून रागावणारी माणसंही उरली नाहीत, म्हणून लिहायला बसलो आहे.

चाचा म्हणजे त्या पिकपचे ड्रायव्हर. पन्नाशीचे, मूळचे चांद्याचे, म्हणजे आजच्या चंद्रपूरचे. वडील टांगा हाकायचे, हे लढाईच्या काळात गाडी शिकले. सगळी गिरणी त्यांना चाचाच म्हणे. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली असतील. चांदा जिल्हा अजून मध्य प्रदेशात होता. आमची धानाची गिरणी वैनगंगेच्या पलीकडे, गडचिरोलीहून चामोर्शीला जाणाऱ्या रस्त्यावर होती आणि तांदूळ जायचा नदी ओलांडून मूल या गावच्या स्टेशनावर. नदीवर तिथं पूल नव्हता. उन्हाळ्यात वाळूतून वाट काढायची. पावसाळ्यापासून दिवाळी उलटेपर्यंत दोन डोंगे एकमेकांना बांधून वर फळ्या ठोकलेल्या असत, त्यावर गाडी चढवायची आणि नावाड्यांच्या भरवशावर पलीकडे जायचं.

पिकप लढाईनंतर विकायला काढलेल्या मालातली, अमेरिकन. शेठनं ती घेतली तेव्हाच ती दमलेली होती. तिचे दोन रोग होते. एक, ती स्लो धरत नसे. पाय रेसवरून काढला की दोन आचके देऊन बंद. चाचा उतरताना रेसच्या पायटीवर एक दगड ठेवत आणि गाडी तशीच बोंबलत उभी राही. दुसरा रोग वर सांगितला तो. दोन्ही मिळून असं व्हायचं की गाडी बंद पडू द्यायची नाही आणि ती तर सारखी बंद पडायला बघणार. या सगळ्याचा सर्वांत जास्त त्रास नावाड्यांना व्हायचा. त्यांचा नियम होता, नावेवर इंजिन बंद. इंजिनाच्या थरथरीनं दोन डोंगे बांधलेले दोर ढिले होतात, हे त्यांनी कधीतरी भोगलं होतं. पण चाचांची गाडी बंद केली तर पलीकडे ती ढकलावी लागे, तीही वाळूत. त्यामुळे शिव्या देत देत ते तिला चालूच राहू देत. अख्ख्या घाटावर ही सवलत त्या एकाच गाडीला होती.

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो. नागपूरच्या एका गॅरेजात दोन वर्षं काढून आलो होतो आणि येताना एक इंग्रजी पुस्तक आणलं होतं. त्यातली चित्रं मला समजत, मजकूर थोडाफार. पण गिरणीत ते मी सगळ्यांना दिसेल असं ठेवत असे. गिरणीच्या तेलाच्या इंजिनाचा मी मिस्त्री आणि पिकपही माझ्याच गळ्यात. त्या वयात माणसाला आपल्याला येतं ते जरा जास्तच येतं असं वाटतं. मला तर फारच वाटत होतं.

पोळा झाल्यावर चाचा एक दिवस माझ्याकडे आले. त्यांची लेक वडशाला दिली होती, ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती.

"बेटा," ते म्हणाले, "पोरीचे दिवस भरत आले. दाई म्हणते, पोट आडवं दिसून राह्यलं. वेळ आली तं चांद्याच्या दवाखान्यात न्या लागन. शेठ गाडी देतो म्हणे. तू तेवढी गाडी भरवशाची करून दे."

चांदा म्हणजे पन्नासेक मैल आणि मध्ये नदी. मी म्हणालो, आठ दिवस द्या.

स्लोचा रोग मी खरोखर चांगला पकडला. त्याबद्दल मला आजही बरं वाटतं आणि बरं वाटतं याची लाजही वाटते. गाडी जोरात चालते आणि हळू मरते, म्हणजे कुठून तरी फुकटची हवा आत जाते. कार्बुरेटर इंजिनाला जिथं बसतो त्या सांध्यावर मी चिंधीनं थोडं थोडं तेल लावत गेलो. एका कोपऱ्यात तेल लागलं आणि इंजिनाचा आवाज एकदम शांत झाला. पॅकिंग खाल्लेलं होतं. जुन्या खातेवहीचा जाड पुठ्ठा कापला, जवसाच्या तेलात भिजवला, बसवला. गाडी अशी स्लो धरू लागली की बॉनेटवर ठेवलेला चहाचा कप सांडेना. चाचांनी पायटीवरचा तो दगड उचलून गिरणीच्या कुंपणापलीकडे फेकला. नावाडी पुढच्या खेपेला म्हणाले, "आता चालू ठेव बापा, आता तिचा काही तरास नाई."

इथंच माझं डोकं हवेत गेलं. पहिला रोग एका दिवसात बरा केला, तर दुसरा काय चीज आहे!

दुसऱ्यावर चाचांचा स्वतःचा उपाय होता. गाडी गरम होऊन बंद पडली की ते बॉनेट उघडून डबाभर पाणी इंजिनाच्या एका अंगावर सरळ ओतत. याला ते गाडीची अंघोळ म्हणत. दहा मिनिटांनी गाडी चालू होई. हे ऐकताच मी निदान करून टाकलं. माझ्या पुस्तकात चित्र होतं: उन्हानं आणि इंजिनाच्या गरमीनं पेट्रोल नळीतच उकळतं, त्याची वाफ होते, पंप वाफ ओढत बसतो आणि कार्बुरेटर कोरडा राहतो. पंपावर पाणी ओतलं की वाफ निवते. सगळं तंतोतंत जुळत होतं.

चाचा मात्र डोकं हलवत होते. "वाफ नाई बेटा. करंट मरते. गरम झाली का झटकाच नाई लागत." जुन्या ड्रायव्हरांची रीत होती, प्लगची वायर काढून तिच्या तोंडाशी बोट धरायचं आणि दुसऱ्याला हँडल मारायला सांगायचं. झटका बसला तर करंट आहे.

मी हसलो. म्हणालो, "चाचा, तुमच्या बोटाले आता विस्तवही लागत नसन, करंट कुठून लागन?" तेही हसले. मी थंड गाडीवर प्लग काढून त्यांना ठिणगी दाखवली, निळी, टचकन उडणारी. "हा पाहा करंट. मेला आहे काय?" त्यांना लिहितावाचता येत नव्हतं आणि माझ्याजवळ पुस्तक होतं.

गाडी गरम करून बंद करायची आणि पुन्हा चालू होईना की त्याच क्षणी प्लग काढून ठिणगी बघायची, एवढं काम होतं. दोन मिनिटांचं. पण गाडी माझ्याकडे येई तोवर निवलेली असे आणि मी निवलेली गाडीच तपासत राहिलो. आणखी एक गोष्ट मी पाहिली आणि पाहून न पाहिल्यासारखी केली. करंट वाढवणारी कॉईल त्या इंजिनावर पंपाच्या बरोबर वर, वीतभर अंतरावर ठोकलेली होती. चाचांचं पाणी पंपावर पडण्याआधी कॉईलवर पडत होतं. अंघोळ होत होती ती कॉईलची. गरमीनं तिच्यातली तार आतून सुटत होती आणि पाण्यानं निवली की पुन्हा जुळत होती. मला ते पाणी कॉईलवर पडताना दिसलं तेव्हा मी काय केलं, तर चाचांवर ओरडलो. करंटवर पाणी पडू देऊ नये हा आमच्या धंद्यातला पहिला धडा. नागपूरला त्यासाठी मी उस्तादाचा मार खाल्ला होता. तोच धडा मी माझ्या बापाच्या वयाच्या माणसाला चारचौघांत शिकवला.

मग मी पेट्रोलची नळी इंजिनापासून दूर नेली, तिच्यावर पोकळ बांबू चढवला, पंपाला गोणपाट आणि चिकणमातीचा लेप दिला. गाडी चामोर्शीपर्यंत पळवली, बंद केली, लगेच चालू केली. झाली. तिथं चहा घेतला, गप्पा मारल्या, तासाभरानं चालू केली. झाली. असं तीनदा केलं. कॉईलचा खेळ मधल्या वेळात होता. बंद इंजिनाची गरमी वर चढायला दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि उतरायला तास. मी एकतर लगेच चालू करत होतो नाहीतर तासानं. नाव नदी ओलांडायला जेवढा वेळ घेई, नेमका तेवढा वेळ मी गाडी कधी बंद ठेवून पाहिलीच नाही. चाचांना जाऊन सांगितलं, "झाली पक्की."

दसरा झाला होता. ऊन असं की धानाच्या बांधीतलं पाणी कोमट लागे. सकाळी चाचा पळत आले. पोर आदल्या दुपारपासून अडली होती. दाईनं हात टेकले होते. सरकारी दवाखान्यातली नर्स येऊन म्हणाली, इथं काही व्हायचं नाही, चांद्याला न्या. पिकपमध्ये पेंढा पसरला, वर गोधड्या घातल्या, पोरीला निजवलं. तिची आई डोकं मांडीवर घेऊन बसली. मी चाचांच्या शेजारी. मला कोणी बोलावलं नव्हतं. गाडी मी पक्की केली होती, ती पळताना मला बघायची होती. खरं सांगतो, त्या पोरीच्या काळजीपेक्षा हे जास्त होतं.

घाटावर आलो तेव्हा गाडी चांगलीच तापली होती. वरती कुठं पाऊस झाला असावा, पाण्याला ओढ होती. म्हातारा नावाडी म्हणाला, "आज बंद कर गा इंजन. पानी जोरात हाये, दोर ढिले पडन."

चाचा हात जोडून म्हणाले, "बापा, आत पोरगी हाये माही. चालू राहू दे. पलीकडे गाडी चालू नाई झाली तं काय करू?"

नावाड्यानं मागं डोकावून पाहिलं. पोरीचा चेहरा पाहिला. तो हो म्हणणारच होता. त्याचे ओठ हललेले मला आठवतात. तेवढ्यात मी बोललो.

"करा बंद, चाचा. मी आहो नं. आता चालू होते ते."

"नको बेटा."

"अजी, तीनदा पाहिलं मी. नावेले धोका काऊन द्यायचा?"

आणि मी हात लांब करून चावी फिरवली. माझ्याच हातानं. गाडी बंद झाली आणि नदीचा आवाज ऐकू यायला लागला.

पलीकडे लागायला वीस मिनिटं लागली असतील. चाचांनी सेल्फ दाबला. इंजिन फिरलं, फिरत राहिलं, पेटलं नाही. नावाड्यांनी ढकलून गाडी वाळूवर उतरवली. मी बॉनेट उघडलं. हाताला चटका बसेल असं सगळं तापलेलं. मी म्हणालो, वाफ धरली, लेप वाळला असेल, पाणी आणा. चाचांनी डबा भरून आणला आणि नेहमीसारखा वरून ओतायला गेले. मी त्यांचा हात धरला. "करंटवर नको!" मग मी अंगातला सदरा काढला, कॉईल, डिस्ट्रिब्युटर, वायरी, सगळं त्यानं नीट झाकलं, कडा खोचल्या, आणि पाणी फक्त खाली पंपावर, लेपावर, बांबूवर घातलं. डबे भरभरून घातलं. कॉईल माझ्या सदऱ्याखाली ऊबेत राहिली.

दहा मिनिटं थांबलो. नाही. आणखी पाणी. नाही. सेल्फ क्षीण झाला तेव्हा हँडल मारायला घेतलं. चाचा म्हणाले, "बेटा, एक डाव वायर पाहू दे." त्यांनी सदऱ्याखाली हात घालून वायर काढली, बोट धरलं. मी हँडल मारलं. "झटका नाई," ते म्हणाले. मी घामाघूम, उघडा, वैतागलेला. ओरडलो, "तुमचे बोट मेले चाचा! मले माहा काम करू द्या!" मागून पोरीचं कण्हणं ऐकू येत होतं. चाचांनी वायर परत लावली. प्लग काढायचा पाना माझ्या मागच्या खिशात होता. दोन मिनिटांचं काम तेव्हाही दोन मिनिटांचंच होतं. मी ते केलं नाही, कारण ते केलं तर चाचा बरोबर ठरले असते. याला दुसरं कारण मला सापडलेलं नाही.

नावाडी म्हणाला, गावातून बैलबंडी आणतो, निदान मूलपर्यंत जा. मी म्हणालो, थांबा, आत्ता चालू होते. पुन्हा पाच मिनिटांनी तेच. असं करत तास उलटून गेला. पाठ भाजायला लागली म्हणून मी सदरा काढून अंगात घातला. नदीवरून वारा येत होता. थोड्या वेळानं हँडल मारलं आणि गाडी पेटली. मी हसलो. "पाहा, वाफ निवली," असं म्हणालो सुद्धा. पोरीची आई माझ्याकडे बघत होती. तिच्याही चेहऱ्यावर जरा जीव आला होता, ते मला अजून सहन होत नाही.

मूलच्या अलीकडे, रस्ता सागवानातून जातो तिथं, पोरीच्या आईनं केबिनच्या पत्र्यावर दोनदा थाप मारली. चाचांनी गाडी उभी केली आणि मागे गेले. मी आतच बसून राहिलो. पोर गेली होती, पोटातलं पोटातच. आई फक्त पोरीच्या डोक्यावरून पदर सारखा करत होती. गाडी बंद केलेली नव्हती आणि ती स्लोवर फार छान चालत होती.

आम्ही तिथूनच परतलो. नावेवर इंजिन चालू होतं.

चार दिवसांनी मी पिकपची कॉईल सोडवली आणि गिरणीच्या इंजिनाच्या धुराड्याजवळ नेऊन तापवली. थंड होती तेव्हा ठिणगी निळी होती. तापल्यावर पिवळी, बारीक झाली. आणखी तापल्यावर नाहीच. पाणी ओतलं, परत निळी. मी हे पाच-सहा वेळा केलं, जणू एखाद्या वेळी उत्तर वेगळं येईल. मग शेठला म्हणालो, जुनी झाली, बदलू. चांद्याहून दुसरी मागवली, बसवली. जुनी मी कोंड्याच्या ढिगात खोल पुरली.

चाचा आठवड्याभरानं कामावर आले ते वाळलेले होते. सरळ माझ्याकडे आले. म्हणाले, "बेटा, एक सांग. वाफच होती ना?"

मला माहीत होतं. चार दिवसांपूर्वी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

"हो चाचा," मी म्हणालो. "वाफच."

त्यांनी श्वास सोडला. "मंग अल्लाची मर्जी. वाफेले कोन धरते?" आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. माझा चेहरा बघून त्यांना वाटलं असेल, पोरगा मनाला लावून घेतो आहे. मला समजावत राहिले, तू काय कमी केलं का, उघड्या अंगानं उन्हात राबला. मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

पुढं महिनाभरानं तांदूळ घेऊन आम्ही दोघं मूलला निघालो. दिवाळी झाली होती, नाव अजून चालू होती. ऊनही होतं. नावेवर गाडी चढली आणि चाचांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते समोर बघत होते. नावाडी नाव लोटत राहिले, नेहमीएवढाच वेळ लागला. मी मनात म्हणत होतो, पेटू नको, एवढ्या खेपेला पेटू नको. पलीकडे फळ्या टेकल्या. चाचांनी सेल्फ दाबला आणि गाडी पहिल्या फटक्याला पेटली.

त्यांनी ती वाळूवर उतरवली आणि उभी केली. हात चाकावर तसेच होते.

"नवं काय टाकलं हिच्यात?"

मी म्हणालो, "कॉईल."

"कव्वा?"

"तुम्ही सुट्टीवर होते तव्वा."

"म्या तुले वाफेचं इचारलं त्याच्या पहिले?"

"हो."

मारतील असं वाटलं. मारलं असतं तर बरं झालं असतं, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो.

"उतर," ते म्हणाले.

मी उतरलो. गाडी गेली. मी वाळूत उभा राहिलो, गाडी वळणाआड होईपर्यंत. मागून म्हातारा नावाडी आला.

"काऊन गा मिस्त्री, उतरला काऊन? बिघडली काय गाडी?"

"नाई बापा," मी म्हणालो. "गाडी चांगली हाये."